कुजवल्यानं शिसं जात नाही

पंधरा दिवसांपूर्वी पलूसच्या वहिनींनी टोमॅटोच्या रोपांचे चाळीस ट्रे निव्वळ प्रेसमडनं, म्हणजे साखर कारखान्यात उसाचा रस गाळून उरणाऱ्या गाळानं भरले. कारण एक मेसेज. तो माझ्याकडेही चार ग्रुपवरून आलाय: ‘पीट उपसणं म्हणजे पृथ्वीचा नाश, म्हणून कोकोपीट बंद करा. साखर कारखान्याचं प्रेसमड आणून थेट ट्रेत भरा. दुसऱ्या कुठल्याही कारखान्याचा गाळ शेण आणि कल्चर (कुजवणारे जिवाणू) घालून ४५ दिवस कुजवा, सगळं विष जिवाणू खाऊन टाकतात.’

पीट आणि कोकोपीट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पीट म्हणजे थंड मुलखातल्या दलदलीत हजारो वर्षं अर्धवट कुजलेलं शेवाळ. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर साठतं, ते उपसू नये हे खरंच. कोकोपीट मात्र नारळाच्या सोडणाचा भुसा, काथ्या उद्योगातला कचरा. कारखान्याचा कचरा वापरा म्हणणारा माणूस नेमका तोच बंद करायला सांगतोय!

प्रेसमडबद्दल अर्धं मान्य करतो. शंभर टन ऊस गाळला की तीन-चार टन प्रेसमड निघतं आणि वाळवा-कराड पट्ट्यात ते हाताशी आहे. पूर्ण कुजलेलं, चाळलेलं प्रेसमड कोकोपीटमध्ये थोडं मिसळून उसाची रोपं करणारे आहेत, रोपं चांगली येतात. पण ‘थेट’? वहिनींच्या उरलेल्या पोत्यात हात घातला तर आत अजून गरम लागत होतं आणि आंबूस वास येत होता. म्हणजे ते कुजतच होतं. ट्रेमधले निम्मे कप्पे रिकामे, आणि जी रोपं वर आली त्यांच्या पहिल्या दोन पानांच्या कडा करपलेल्या.

खरा संताप आहे तो तिसऱ्या वाक्यावर. शिसं, कॅडमियम ही मूलद्रव्यं आहेत. जिवाणू ती खाऊन संपवू शकत नाहीत. जिवाणू खातात तो सेंद्रिय भाग, त्यामुळे ढीग आटतो आणि धातू तेवढाच उरतो. हिशेब करून बघा. हजार किलो कोरड्या गाळात किलोमागे ६० मिलिग्रॅम शिसं आहे. कुजून सहाशे किलो उरला, की तेच शिसं किलोमागे १०० मिलिग्रॅम होतं. खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये शहरी कंपोस्टला शिशाची कमाल मर्यादा तेवढीच आहे. कॅडमियमला ५, पाऱ्याला फक्त ०.१५. कुजवून विष संपत असतं, तर कुजलेल्या खताला या मर्यादा कशाला घातल्या असत्या? आणि पालक-मेथीसारख्या पालेभाज्या कॅडमियम पानांत ओढून घेतात. ती भाजी आपल्याच घरात शिजते.

क्षारांचंही तेच, कुजवून ते जात नाहीत. त्याच आदेशात ईसीची, म्हणजे क्षार किती ते दाखवणाऱ्या आकड्याची मर्यादा ४ आहे, पण ती शेतात पसरायच्या खतासाठी. ट्रेमधल्या कोवळ्या मुळाला तेवढी झेपत नाही. ईसी मीटर नसेल तर आधी दहा-वीस मूग त्यात टाकून बघा, नीट उगवतात का ते चार दिवसांत कळतं.

वहिनींचं प्रेसमड आता झाडाखाली ढिगात आहे, पाणी मारून पालटत राहायचं ठरलंय. पण त्याच मेसेजखालच्या नंबरवरून त्यांनी ‘तयार कंपोस्ट गाळा’च्या दहा गोण्याही सांगितल्या होत्या. गाळ कुठल्या कारखान्याचा आणि धातूंचा तपासणी अहवाल कुठंय, एवढंच मी फोनवर विचारलं. उत्तर आलं नाही, गोण्या आम्ही उतरवून घेतल्या नाहीत.