मनातला देव कसा आहे?

देव आहे की नाही, या वादात भर घालण्यासाठी मी हे लिहीत नाही. मला बरीच वर्षे सतावणारा प्रश्न त्याच्या शेजारचा आहे. देव मानणारा माणूस तो देव नेमका कसा आहे असे धरून चालतो, आणि त्या गृहीताचा त्याच्या इतर विचारांवर काय परिणाम होतो?

जस्टिन बॅरेट आणि फ्रँक कील या मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी लोकांना आधी देवाविषयी विचारले, तेव्हा देव सर्वव्यापी आहे, सर्वज्ञ आहे, एकाच वेळी अनंत गोष्टी करू शकतो, अशी उत्तरे मिळाली. मग त्यांना काही गोष्टी वाचायला दिल्या. त्यांतल्या एका गोष्टीत नदीत पोहणाऱ्या मुलाचा पाय खडकांमध्ये अडकतो आणि तो देवाचा धावा करतो. त्या वेळी देव जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणा दुसऱ्याच्या प्रार्थनेला उत्तर देत असतो, आणि थोड्याच वेळात तो खडक सरकवून मुलाला सोडवतो. देवाने आधीचे काम संपवले आणि मग तो मुलाकडे वळला, असे या गोष्टीत कुठेही म्हटलेले नव्हते. तरीही आठवून सांगताना अनेकांनी ती तशीच सांगितली. पुढे हिंदू श्रद्धाळूंबाबत केलेल्या अभ्यासातही बॅरेट यांना हाच कल आढळला. म्हणजे विचारल्यावर सांगायचा देव एक असतो आणि विचार करताना मनात वावरणारा देव दुसरा असतो. मला महत्त्व वाटते ते या दुसऱ्या देवाचे, कारण आपले निर्णय त्याच्याच देखरेखीखाली होतात.

माझ्या लहानपणीचा देव हिशेब ठेवणारा होता. घरात कुणी आजारी पडले की आदल्या आठवड्यात आपण काय खोटे बोललो हे मी आठवत बसे, आणि काहीतरी सापडतच असे. त्या देवावरचा माझा विश्वास कालांतराने उडाला, पण हिशेबाची सवय काही गेली नाही. कुणाच्या घरी मोठा आघात झाल्याचे ऐकले की अजूनही क्षणभर माझे मन विचारते, ‘त्यांच्या हातून काय घडले असेल?’ या प्रश्नाची मला लाज वाटते. कल्पना श्रद्धेपेक्षा चिवट असते, हे मला त्यातून कळले. देव नाकारलेल्या माणसाच्या विचारातही त्याने नाकारलेल्या देवाचा साचा टिकून राहू शकतो.

हा साचा किती दूरवर पोहोचतो हे पाहायचे असेल तर पोर्तुगालची राजधानी लिस्बन आठवावी. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चे भरलेली असताना तिथे प्रचंड भूकंप झाला. गाब्रिएल मालाग्रिदा या जेझुइट धर्मगुरूने पुढच्याच वर्षी लिहिले की हा भूकंप म्हणजे पापांबद्दलचा दैवी कोप आहे आणि त्याला निव्वळ नैसर्गिक घटना म्हणणे लांच्छनास्पद आहे. त्याच सुमारास मंत्री पोंबाल यांच्या शासनाने गावोगावच्या धर्मगुरूंकडे प्रश्नावली पाठवून धक्के किती वेळ जाणवले, नंतर किती वेळा जाणवले, किती माणसे दगावली, अशी माहिती मागवली. कोपणाऱ्या देवाची कल्पना मालाग्रिदाला उत्तर आधीच देऊन बसली होती, त्यामुळे त्याला पुढे विचारण्यासारखे काही उरले नव्हते.

परंतु देवाची कल्पना जिज्ञासा मारतेच, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. खगोलशास्त्रज्ञ केप्लरचा देव भूमितीज्ञ होता. मंगळाच्या कक्षेची त्याने मोठ्या कष्टाने उभी केलेली एक मांडणी टायको ब्राहेच्या निरीक्षणांशी आठ कलांच्या (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरकाने जुळेना. पूर्ण चंद्राच्या दिसणाऱ्या रुंदीच्या साधारण पाव भागाइतका तो फरक. दुसऱ्या कुणीही तो खपवून घेतला असता. केप्लरने मात्र लिहिले की ईश्वरी कृपेने आपल्याला ब्राहेसारखा काटेकोर निरीक्षक दिला आहे, तेव्हा ही देणगी कृतज्ञतेने स्वीकारून तिचा उपयोग केला पाहिजे, आणि त्याने ती मांडणी टाकून दिली. ग्रहांच्या लंबवर्तुळाकार कक्षेपर्यंत तो त्यानंतरच पोहोचला. देवाने जग बेफिकिरीने रचलेले नाही ही त्याची श्रद्धा होती, आणि म्हणून आपणही बेफिकीर राहू नये असे त्याला वाटले.

मला खरी भीती वाटते ती मात्र वेगळ्याच देवाची, आपल्या प्रत्येक मताला मान डोलावणाऱ्या देवाची. मानसशास्त्रज्ञ निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवले की वादग्रस्त विषयांवर देवाचे मत काय असेल हे सांगताना श्रद्धाळू माणसे इतर लोकांची मते ओळखताना करतात त्याहूनही अधिक स्वतःच्या मताचा आधार घेतात. आणि प्रयोगात त्यांचे स्वतःचे मत थोडे हलवले, की त्यांनी सांगितलेले देवाचे मतही त्याच दिशेने हलले. ‘देवाला हे मान्य नाही’ असे ठामपणे सांगणारा माणूस ढोंगी असतो असे मी म्हणणार नाही. तो मनापासून बोलत असतो, आणि त्यामुळेच त्याला थांबवणे अवघड असते. स्वतःचा राग त्याला स्वतःचा वाटतच नाही.

यावर उपाय म्हणून अनेक परंपरांनी देवाविषयी ‘हा असा नाही, तसाही नाही’ एवढेच बोलण्याचा मार्ग सुचवला. उपनिषदांतील ‘नेति नेति’ आणि बाराव्या शतकातील मायमोनिडीस या ज्यू तत्त्वचिंतकाची मांडणी यांत मला हाच सावधपणा दिसतो. बुद्धीला तो पटतो. पण दुःखात असलेल्या माणसाला नकारापुढे हात जोडता येत नाहीत, आणि म्हणूनच आपल्या संतांनी देवाला माउली म्हटले असावे आणि चौदाव्या शतकातील इंग्लंडमध्ये नॉर्विचच्या ज्युलियन या ख्रिस्ती साध्वीलाही ख्रिस्ताला आई म्हणावेसे वाटले असावे. मला हे रूप हिशेबनीसाच्या रूपापेक्षा अधिक सत्याजवळचे वाटते, कारण आईपुढे मूल आपली योग्यता सिद्ध करायला जात नाही.

मी आजही प्रार्थना करते, आणि त्या वेळी माझ्याही मनात समोर बसून ऐकणारे कुणीतरीच असते. ते रूप पुसून टाकावे असे मला वाटत नाही. मात्र ज्या माणसावर मी रागावलेली आहे त्याच्याविषयी या ‘कुणीतरी’चे मत माझ्याहून वेगळे आहे का, हे मी आता तिथेच स्वतःला विचारते. बहुतेक वेळा ते वेगळे नसते, आणि मग ती प्रार्थना मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.