आधी फाइन लेग ठरवा

नवखी माणसं ज्युनियर संघाची निवड सलामीच्या जोडीपासून सुरू करतात. तुम्ही तसं करू नका. आधी फाइन लेग ठरवा. फाइन लेगला, म्हणजे विकेटकीपरच्या मागे पार सीमारेषेजवळ, उभा राहणारा मुलगा नक्की झाला की बाकीचे दहा आपोआप ठरतात, कारण त्या दहांचं कुणी ना कुणी समितीवर असतंच.

हा मुलगा शोधावा लागत नाही. तो वेळेआधी येतो. स्टंप ठोकायला मदत करतो, बॉल झुडपात गेला की न सांगता आत शिरतो. क्लबची टोपी त्याच्या भुवयांवर उतरलेली असते, कारण क्लबकडे लहान माप नाही. पहिल्या दोन सामन्यांत तो विचारतो, "सर, मी एक ओव्हर टाकू?" तुम्ही म्हणायचं, "पुढच्याला बघू." तिसऱ्या सामन्यापासून तो विचारत नाही. याला समजूतदारपणा म्हणतात, आणि खेळानं मुलं समजूतदार होतात असं क्लबच्या माहितीपत्रकात छापलेलंच आहे. ओव्हर संपली की त्याला या टोकाच्या फाइन लेगवरून त्या टोकाच्या फाइन लेगला चालवत न्या. तेवढाच व्यायाम.

तर, ज्युनियर विभागाचे प्रमुख झाल्याबद्दल अभिनंदन. वार्षिक सभेत फोन घ्यायला तुम्ही बाहेर गेलात आणि तेवढ्यात तुमचं नाव एकमतानं मंजूर झालं, यात कुणाचा दोष नाही. माझंही तसंच झालं होतं. फरक इतकाच, की मला हे सगळं सांगायला कुणी नव्हतं.

सुरुवात सगळ्यात धाकट्यांपासून, म्हणजे अंडर-९ पासून होते. त्यांच्यासाठी मोठ्यांनी बरीच डोकेफोड करून सोयी केल्या आहेत. क्रिकेटचे नियम लिहिणाऱ्या एमसीसीच्या नियमावलीत नऊ वर्षांखालच्यांना २२ ऐवजी १८ यार्डांची खेळपट्टी सांगितली आहे. पुढे अंडर-१० ला १९, अंडर-११ ला २०, अंडर-१३ ला २१, असं मूल वाढेल तसं एकेक यार्ड वाढतं. स्टंपसुद्धा एक इंच बुटके आणि एक इंच अरुंद. हे वाचून टेप आणायला धावू नका. टीव्हीवर २२ यार्डच असतात, तेव्हा तुम्हीही २२ च ठेवा. आठ वर्षांचा मुलगा जीव खाऊन बॉल टाकतो, तो पहिला टप्पा मध्येच घेतो, दुसरा त्याच्या पुढे, आणि मग सरपटत बॅट्समनकडे जातो. दोन टप्पे पडले की नो बॉल. मग पुन्हा. मग पुन्हा. मी एक ओव्हर सतरा बॉलची पाहिली आहे. बोलर शेवटी रडत होता, बॅट्समन खाली बसला होता आणि एक आजोबा गाढ झोपले होते. पण खेळपट्टी कशी, अगदी कसोटीची.

धाकट्यांचे सामने पुष्कळ ठिकाणी जोड्यांनी खेळतात. प्रत्येक जोडीला ठरलेल्या ओव्हर, आऊट झालं तरी मैदानाबाहेर जायचं नाही, फक्त धावा कापायच्या. संघाची सुरुवातच २०० धावांवर होते आणि विकेटमागे पाच वजा होतात, म्हणजे कुणाचा स्कोअर शून्याखाली जात नाही आणि प्रत्येकाला बॅट मिळते. ही पद्धत काढणाऱ्याच्या मनात मुलं होती, पालक नव्हते हे उघड आहे. सीमारेषेवर उभ्या असलेल्या वडिलांना ती समजावून सांगू नका. २१३ चे २०८ झाले की त्यांचा चेहरा कसा होतो हे बघण्यासारखं असतं. त्यातला एखादा हिशेबी गृहस्थ फोनवर बेरीज-वजाबाकी करून सांगतो, "म्हणजे खरं तर आपली पोरं आठच धावा काढून आलीत." झालं, मुलाचा चेहरा पडतो. सकाळभर त्याला वाटत होतं की आपण दोनशे केले.

अंडर-११ ला शिकवायला खरी मजा येते. एक मुलगा बॅटिंगला उभा असतो आणि त्याला पाच जण शिकवत असतात. तुम्ही, तुमचे मदतनीस, त्याचे वडील, विकेटकीपरचे वडील, स्कोअररच्या शेजारी बसलेले एक काका, आणि हे काका नेमके कुणाचे ते कुणालाच माहीत नसतं. बोलर पळत निघाला की सुरू व्हा. "पाय काढ!" "मागे जा, मागे!" "सोड!" "अरे मार की!" "एल्बो वर!" हे सगळं एकाच बॉलवर झालं पाहिजे. मुलगा मग जे करतो ते पाय काढणंही नसतं, सोडणंही नसतं. तो बॅट मध्येच कुठेतरी धरतो आणि वडिलांकडे बघतो. मागे बेल्स पडलेल्या असतात. आता पुन्हा सगळ्यांनी एकदम म्हणा, "बॉलकडे बघ म्हणून सांगितलं होतं ना!"

डॉन ब्रॅडमन लहानपणी घरामागे एका स्टंपनं गोल्फचा चेंडू पाण्याच्या टाकीच्या गोल चौथऱ्यावर मारत बसायचा. चेंडू वाटेल तसा उसळून यायचा, हा पुन्हा मारायचा. तासन्‌तास, एकटा, कडेला कुणी ओरडणारं नाही. परिणाम काय झाला? कसोटीतली सरासरी ९९.९४ वर अडकली ती अडकलीच. कुणी काका जरा वेळेवर "एल्बो वर" म्हणाले असते तर उरलेले ०.०६ सहज निघाले असते.

स्कोअरबुक शक्यतो पहिल्यांदाच आलेल्या पालकाच्या मांडीवर ठेवा आणि त्याला काही विचारता येण्याआधी तिथून निघून जा. लेग बाय कुणाच्या खात्यात, वाइडवर चार गेले तर किती लिहायचे, हे त्याचं त्यालाच सुचेल. चुका झाल्या तरी घाबरायचं कारण नाही, या बाबतीत परंपरा तुमच्या बाजूची आहे. १८९९ मध्ये ए. ई. जे. कॉलिन्स नावाच्या तेरा वर्षांच्या मुलानं इंग्लंडमध्ये क्लिफ्टन कॉलेज नावाच्या शाळेच्या एका हाऊस मॅचमध्ये नाबाद ६२८ केल्या. कित्येक दुपारी चाललेली खेळी. तिचा स्कोअर लिहिणाऱ्यानंच म्हणे सांगून टाकलं होतं की ६२८ धरा, वीस इकडेतिकडे. हा आकडा ११६ वर्षं विक्रम म्हणून उभा होता. २०१६ मध्ये प्रणव धनावडेनं नाबाद १००९ केल्या तेव्हा कुठे तो मोडला. मग तुमच्या अंडर-११ च्या पुस्तकात बॅट्समनच्या धावा ७१ आणि बोलर्सनी दिलेल्या ८३ निघाल्या तर कुणाचं काय बिघडतं?

तेरा वर्षांखालच्या संघात तुम्हाला एक वेगवान बोलर सापडेल. सापडेलच. तो बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच असतो, त्याचा बॉल खांद्यावर येतो आणि समोरच्या संघातली पाचव्या नंबरची मुलं पॅड बांधतानाच पांढरी पडतात. हा मुलगा म्हणजे क्लबची संपत्ती आहे, तेव्हा ती एकाच मोसमात खर्च करा. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळानं या वयाला एका स्पेलमध्ये पाचच ओव्हर आणि दिवसात दहाच, असं काहीतरी भित्रं लिहून ठेवलंय. म्हणे वाढत्या वयात कमरेच्या मणक्याचं हाड पुरतं पक्कं झालेलं नसतं, तेच तेच वळण, तोच तोच झटका बसून त्यात बारीक चीर पडते, आणि मग महिनोन्‌महिने बोलिंग बंद. हे सगळं खरं असेलही. पण तुमचा सामना आज आहे आणि त्यांना सोळा धावा हव्या आहेत. त्याला सकाळी शाळेकडून खेळू द्या, दुपारी तुमच्याकडून, संध्याकाळी खासगी कोचिंगला नेटमध्ये. तिन्ही सरांनी एकमेकांना फोन करायचा नाही हे पथ्य तेवढं सांभाळा. तो बोलिंग मार्कवर वाकून पाठीला हात लावताना दिसला तर लांबून टाळ्या वाजवून म्हणा, "एकच, अजून एकच!" बॉलसुद्धा मोठ्यांचाच द्या. या वयाला १३३ ते १४४ ग्रॅमचा बॉल सांगितलेला आहे, मोठ्यांचा १५६ ते १६३ चा. एवढ्याशा फरकासाठी दोन प्रकारचे बॉल कोण सांभाळत बसणार?

तुमच्या बोलरपेक्षा उंच मुलगा समोरच्या संघात निघाला आणि त्याला मिसरूड असलं, तर लगेच त्याच्या वयाचा विषय काढा. तुमच्या संघात निघाला तर तो आजोळच्या माणसांवर गेलाय, त्यांच्याकडे सगळेच उंच असतात. डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवायची टीडब्ल्यू-३ नावाची एक पद्धत आहे, तिच्यामुळे बऱ्याच घरांतले वाढदिवस अडचणीत आले आहेत. राहुल द्रविडनं २०१५ च्या पतौडी व्याख्यानात विचारलं होतं की आपले आईवडील आणि प्रशिक्षक खोटा जन्मदाखला बनवताहेत हे मुलानं पाहिलं तर तेही लबाडीच शिकणार नाही का. द्रविडचं ठीक आहे, त्याला थांबायची सवय होती. तुमची शनिवारी सेमीफायनल आहे.

मुलींचा संघ काढायचा का, हा प्रश्न दर वर्षी येतो. उपसमिती नेमा. ती मागच्या वर्षीचीच असली तरी चालेल.

अंडर-१५ मध्ये क्लबचं खरं रूप दिसतं. इथे सरांचा मुलगा सलामीला येतो. तो लागोपाठ चौथ्यांदा शून्यावर गेला तर त्याला 'फॉर्म' नसतो. दुसऱ्या कुणाचा मुलगा एकदा शून्यावर गेला तर त्याला 'टेम्परामेंट' नसतं. हे दोन शब्द वेगवेगळ्या खिशांत ठेवत चला. पायचीतचं अपील झालं आणि अंपायर तुम्हीच असलात तर बॉल लेगबाहेर पडला असं मानून चालायचं. तिथे पडला की आऊट देताच येत नाही, आणि नेमका कुठे पडला ते तुमच्याखेरीज कुणी पाहिलेलं नसतं.

समोरच्या बोलरनं बॉल टाकायच्या आधी त्याच्या टोकाला क्रीज सोडून निघालेला तुमचा नॉन-स्ट्रायकर धावबाद केला, तर खेळभावनेवर बोलायला उठा. आवाज थोडा थरथरू द्या. तुमच्या बोलरनं केला, तर नियम काढा. १९४७ मध्ये विनू मंकडनं बिल ब्राऊनला असंच बाद केलं तेव्हापासून हा वाद आहे आणि २०२२ मध्ये एमसीसीनं हा प्रकार 'अनफेअर प्ले'च्या कलमातून उचलून सरळ रनआऊटच्या कलमात नेला, एवढं पाठ ठेवा. एकाच मोसमात दोन्ही भाषणं करायची वेळ येते. माझ्यावर तर एकाच सामन्यात आली होती, लंचच्या आधी एक आणि नंतर एक.

अंडर-१७ बद्दल सांगण्यासारखं फार नाही, कारण तिथे फार मुलं नसतात. अंडर-९ ला नेटबाहेर रांग लावणारी ती पलटण सतरापर्यंत कुठे जाते, यावर सभेत दर वर्षी चर्चा होते. मोबाइल, क्लास, परीक्षा, 'हल्लीची पिढी' अशी कारणं इतिवृत्तात लिहिलेली असतात. गेल्या वर्षीच्या कागदावरून उतरवून घ्या. शुक्रवारी रात्री ग्रुपवर टाका, "उद्या कोण कोण आहे?" अकरा वाजता दोन अंगठे येतात. एक मुलाचा, एक ग्रुपमधून निघायचं राहून गेलेल्या कुणाच्या तरी वडिलांचा. मग अंडर-१३ मधली चार मुलं रात्रीच उचला. त्यांना लवकर मोठ्यांत खेळायला मिळतं, अनुभव येतो. उभी कुठे राहतील ते तुम्हाला ठाऊकच आहे.

बक्षीस समारंभ थोडक्यात उरका. सर्वोत्तम बॅट्समन, सर्वोत्तम बोलर, आणि 'सर्वाधिक प्रगती केलेला खेळाडू'. हे शेवटचं ज्यांनी क्लबला देणगी दिली त्यांच्या मुलाला. त्या दिवशी बोलर पट्टा बांधून येतो, पहिल्या रांगेत ताठ बसतो. त्याला बसता तसंच येतं.

मग किटबॅग तुमच्या घरी येते, ती पुढचा मोसम सुरू होईपर्यंत. एखाद्या सुट्टीच्या दिवशी ती गॅलरीत उलटी करा. डाव्या पायाचे तीन पॅड निघतील. एक ग्लव्ह, ज्याचा जोडीदार दोन वर्षांपूर्वी गेला. शिवण उसवलेले चार बॉल. कुणाचा तरी डबा, तो उघडू नका. क्लबनं मुलांना वापरायला दिलेल्या पांढऱ्या पँटी वेगळ्या काढा. गुडघ्यांवर हिरवे डाग, मांडीवर बॉल घासून घासून झालेला लाल पट्टा. हा लाल रंग साबणानं जात नाही, उगाच खटपट करू नका.

तळाशी एक पँट घडी घातलेली सापडेल, पिशवीत. ती मोसम संपायच्या आधीच परत आली होती, त्याच्या आईनं इस्त्री करून पाठवली होती, सोबत टोपीसुद्धा. उलटीसुलटी करून बघा. हिरवं नाही, लाल नाही, कुठे एक दोरा निघालेला नाही. क्लबचं सामान असं वापरावं. नाव लिहिलेली पट्टी तेवढी उसवून घ्या, पुढच्या वर्षी फाइन लेगला जो येईल त्याला व्हायला हरकत नाही.