मुक्काम पोस्ट हेडर

प्रत्येक विनंतीबरोबर येणारा ‘रिक्वेस्ट_आयडी’ हा हेडर, म्हणजे विनंतीला जोडलेली नाव आणि मूल्य यांची चिठ्ठी, आमच्या जावा वेब सर्व्हिसमध्ये वाचून लॉगमध्ये नोंदवायचा, एवढेच काम माझ्याकडे आले होते. आणि ते तासाभरात उरकेन असे मी, कोणी विचारलेले नसताना, जाहीर केले होते.

पहिला दिवस ‘हेडर’ या शब्दानेच खाल्ला. सोप या एक्सएमएल पद्धतीच्या संदेशाला स्वतःचे एन्व्हलप (वेष्टण) असते आणि त्याच्या आत स्वतःचा हेडर असतो. तो मी इमानेइतबारे चाळला आणि आपल्याला हवा असलेला हेडर तो संदेश वाहून आणणाऱ्या बाहेरच्या एचटीटीपीचा आहे, हे संध्याकाळी उमगले. पाकिटावरचा पत्ता मी पत्राच्या मजकुरात शोधत होतो.

पाकिटापर्यंतची वाट कचेरीतल्या फायलीसारखी टेबलाटेबलाने सरकते. ‘रिसोर्स’ हे अ‍ॅनोटेशन (कोडवर लावायची खूणचिठ्ठी) लावून वेबसर्व्हिसकॉन्टेक्स्ट मागवायचा, त्याच्याकडून मेसेजकॉन्टेक्स्ट घ्यायचा, त्याला एचटीटीपी_रिक्वेस्ट_हेडर्स ही की (किल्ली) द्यायची, मिळालेला ऑब्जेक्ट मॅपच (नाव-मूल्यांचा तक्ताच) आहे असे कास्ट करून कंपायलरला पटवायचे, आणि एवढे करून हाती स्ट्रिंग (साधा मजकूर) नव्हे, तर स्ट्रिंगांची यादी पडते. एका नावाला यादी कशाला, असे मी तेव्हा कुजकटपणे म्हणालो होतो. (जावातच रेस्ट पद्धतीच्या सर्व्हिस लिहिणारे जॅक्स-आरएसवाले पॅरामीटरवर ‘हेडरपॅरम’ लावून मोकळे होतात, त्यांच्याशी मी सध्या बोलत नाही.)

माझी फाइल पहिल्याच टेबलावर अडली, कारण कॉन्टेक्स्ट नल, म्हणजे रिकामा, होता. तो मी एका मदतनीस क्लासमध्ये ठेवला होता आणि त्या क्लासचा ऑब्जेक्ट ‘न्यू’ लिहून स्वतःच घडवला होता. सर्व्हिस चालवणारा कंटेनर मात्र आपल्या ताब्यातल्या ऑब्जेक्टांखेरीज कोणालाही इंजेक्शन देत नाही, म्हणजे मागितलेली वस्तू आणून भरत नाही.

ते निस्तरल्यावर माझ्या मशीनवर हेडर दिसला आणि सर्व्हरवर गायब झाला. नावातली अक्षरे लहान-मोठी करून पाहिली, जरी एचटीटीपीला त्याने फरक पडत नाही आणि त्याच्या १९९६ च्या तपशीलपत्रकात ‘रेफरर’ या हेडरच्या इंग्रजी स्पेलिंगमधला एक ‘आर’ गळाला तो आजतागायत गळलेलाच चालतो. दोष अंडरस्कोअरचा होता. वाटेत एनजिनएक्स हा मधला सर्व्हर बसला होता, आणि वेगळे सांगितले नसेल तर तो अंडरस्कोअर असलेले हेडर पुढे पाठवतच नाही. विनंती पाठवणाऱ्या क्लायंटला अंडरस्कोअरऐवजी हायफन वापरायला सांगितले.

अखेर हेडर आला. यादीत मूल्ये दोन होती: एक क्लायंटने पाठवलेले, दुसरे वाटेतल्या कोणत्या तरी गेटवेने परस्पर जोडलेले. आता त्यांपैकी खरे कोणते, यावर बैठक ठेवली आहे.