आंदोलनाचा पक्ष आणि गावाची पाणीपट्टी

मोर्चातून, रास्ता रोकोतून, कर्जमुक्तीच्या मागणीतून उभा राहिलेला पक्ष आपल्या विदर्भाला नवा नाही. सोयाबीनचा भाव पडलेला असतो, जुन्या पुढाऱ्यांवर राग साचलेला असतो, आणि गाव एका झटक्यात नव्या पोरांच्या हाती ग्रामपंचायत देतं. गुलाल उधळला जातो. पुढे मात्र अनेक गावांत एकच क्रम दिसतो. वर्षभरात कुरबुर, दुसऱ्या वर्षी पॅनेलमध्ये फूट, तिसऱ्या वर्षी सरपंच आमदाराच्या पक्षात, आणि पुढच्या निवडणुकीत जुनंच घराणं परत.

यावर "सत्ता आली की सगळे सारखेच" असं म्हणून लोक मोकळे होतात. मला ते पटत नाही. या पॅनेलांतली बहुतेक माणसं प्रामाणिक असतात. ती अडतात वसुलीवर आणि कागदावर. ज्या पक्षाने दहा वर्षं "बिल भरू नका" असं सांगून माणसं जोडली, त्याच पक्षाच्या सरपंचाला एक दिवस दारोदार जाऊन पाणीपट्टी मागावी लागते. त्याची तयारी पक्षाने कधीच करून घेतलेली नसते.

हिशेब मांडून बघा. गावात ४०० नळजोडण्या आहेत आणि महिन्याला १०० रुपये पाणीपट्टी आहे असं धरू. वर्षाची मागणी ४ लाख ८० हजार. खर्चाच्या बाजूला पंपाचं वीजबिल महिन्याला ९ हजार धरलं तर वर्षाचे १ लाख ८ हजार. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्यावर ग्रामपंचायतीचे महिन्याला ८ हजार, म्हणजे ९६ हजार. टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीन पावडर), व्हॉल्व्ह, फुटलेली पाइपलाइन यांना ५० हजार. मोटर जळली, रिवाइंडिंग केलं किंवा नवी टाकली तर ४० हजार. एकूण २ लाख ९४ हजार. वसुली ६० टक्के झाली तरी हातात येतात २ लाख ८८ हजार, म्हणजे कसंबसं तोंडाशी. वसुली ३५ टक्क्यांवर आली की हातात १ लाख ६८ हजार उरतात आणि १ लाख २६ हजारांची तूट पडते. ही तूट पंपाच्या वर्षभराच्या वीजबिलापेक्षा मोठी आहे. मग मे महिन्यात महावितरणचा माणूस येऊन जोडणी कापतो, टँकरची मागणी सुरू होते, आणि गावाला वाटतं की नव्या लोकांना कारभार जमत नाही.

अशा वेळी हमखास एक पळवाट सुचते: वित्त आयोगाच्या पैशातून बिल भरून टाकू. २०२१ साली शासनानेच ग्रामपंचायतींना पथदिव्यांची आणि पाणीपुरवठ्याची बिलं या निधीतून भरायला सांगितलं, आणि त्यावर सरपंचांनी राज्यभर आवाजही उठवला. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. १५व्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित आणि ४० टक्के अबंधित अशी विभागणी होती. नाली, अंगणवाडीची दुरुस्ती, स्मशानभूमीचं शेड ही सगळी कामं त्या अबंधित ४० टक्क्यांच्या आशेवर असतात. दिवाबत्तीचं बिल तिथून गेलं की गावाला दाखवायला काम उरत नाही. वसुली न करण्याची किंमत गाव अशी चुकवतं.

वसुलीचा हंगाम हा कापसा-सोयाबीनच्या गावात स्वतंत्र विचाराचा विषय आहे. आपल्याकडे मागणीचा खरा जोर फेब्रुवारी-मार्चमध्ये लागतो, कारण तेव्हा पंचायत समितीकडून वसुलीच्या टक्केवारीची विचारणा सुरू होते. पण तोवर सोयाबीनचा पैसा दिवाळीत संपलेला असतो आणि कापसाचा पैसा उधारी फेडण्यात गेलेला असतो. कास्तकाराच्या हातात पैसा येतो ऑक्टोबर ते जानेवारीत. म्हणून मागणी बिलं एप्रिलमध्येच वाटा, म्हणजे पुढची कायदेशीर पायरी अडत नाही, आणि वसुलीचं शिबिर नोव्हेंबरात आठवडी बाजाराच्या दिवशी लावा. वर्षाची रक्कम एकदम मागण्यापेक्षा सोयाबीननंतर अर्धी आणि तुरीनंतर अर्धी असे दोन हप्ते लोकांना झेपतात. नमुना १० ची पावती जागेवर फाडा आणि पैसे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बँकेत टाका. वसुलीच्या रोख पैशातून "आधी मोटर सुधरवून घेऊ, मग नोंद करू" असं एकदाही करू नका. लेखापरीक्षणात पहिलं बोट तिथेच ठेवलं जातं, आणि चांगल्या हेतूने केलेला खर्चही अपहाराच्या रकान्यात जाऊन बसतो.

आणि वसुलीची सुरुवात स्वतःच्या पॅनेलपासून करा. हे नैतिकतेसाठी तर आहेच, पण कायद्याचंही आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे बिल दिल्यापासून ३ महिन्यांत ग्रामपंचायतीचा कर न भरणारा सदस्य अपात्र ठरू शकतो. पडलेलं पॅनेल निकालानंतर पहिला अर्ज याच मुद्द्यावर जिल्हाधिकाऱ्यांकडे टाकतं. दुसरा अर्ज अतिक्रमणाचा. गावठाणात किंवा गायरानात घराचा एक कोपरा जरी पुढे आलेला असेल तरी प्रकरण उभं राहतं, आणि २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कुटुंबातल्या माणसाचं अतिक्रमणही अंगावर येतं. तिसरा निवडणूक खर्चाचा हिशेब, जो निकालानंतर ३० दिवसांत द्यावा लागतो. त्यात राखीव जागेवरच्या सदस्याची जात वैधता. गरीब घरातली, भूमिहीन, गावठाणाच्या कडेला राहणारी माणसं नव्या पक्षाकडून उभी राहतात आणि या चारही जाळ्यांत तीच आधी सापडतात. मोठ्या वाड्यातल्या माणसाकडे कागद सांभाळायला वकील असतो. म्हणून उमेदवारी देतानाच नमुना ८ चा (कर आकारणीच्या नोंदवहीचा) उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला आणि घराच्या जागेचा कागद तपासणं हे तालुक्यातल्या पक्षाचं काम आहे.

ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, हे शहरातल्या पुष्कळांना माहीत नसतं. चिन्हं मुक्त असतात, पॅनेलं स्थानिक असतात. त्यामुळे निकालाच्या संध्याकाळी प्रत्येक पक्ष "आमच्या इतक्या ग्रामपंचायती" असं जाहीर करतो आणि सगळ्यांची बेरीज केली तर ती एकूण ग्रामपंचायतींपेक्षा जास्त भरते. नव्या पक्षाला याचा मोठा फटका बसतो. पक्षांतराला आळा घालणारा १९८६ चा राज्याचा कायदा जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि नगरपालिकांना लागू आहे, ग्रामपंचायतीला नाही. इथे सरपंच दुसऱ्या पक्षात गेला तर त्याचं पद जात नाही. त्यात थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वासही आणता येत नाही. म्हणजे गावाने पक्षाकडे बघून मत दिलं असलं तरी कायद्याच्या लेखी ते मत माणसालाच मिळालेलं असतं.

सरपंच आमदाराच्या पक्षात का जातो, याचं उत्तर पंचवीस-पंधरामध्ये आहे. २५१५ हे ग्रामविकास विभागाचं लेखाशीर्ष. लोकप्रतिनिधींनी सुचवलेली मूलभूत सुविधांची कामं त्यातून होतात: सिमेंट रस्ता, सभामंडप, पेव्हिंग ब्लॉक. मोठ्या रस्त्यांचा पैसा वेगळ्या शीर्षांखाली, आणि जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष पालकमंत्री. गावाच्या डोळ्यांना जे काम दिसतं त्याचा मोठा भाग ग्रामपंचायतीच्या हातात नसतोच. विरोधी सरपंचाच्या गावात दोन वर्षं एकही सिमेंट रस्ता आला नाही की लोकच त्याला म्हणू लागतात, "भाऊ, आमदारासोबत जमवून घ्या." तो माणूस विकला गेला असं म्हणणं सोपं आहे. गावाने आणि पक्षाने मिळून त्याला एकटं पाडलेलं असतं, हे म्हणायला कोणी तयार नसतं.

या कोंडीतून टिकलेलं उदाहरण आपल्याच भागात आहे. अकोल्यात प्रकाश आंबेडकरांच्या भारिप-बहुजन महासंघाने आणि पुढे वंचित बहुजन आघाडीने जिल्हा परिषदेत दीर्घकाळ पाय रोवले; जानेवारी २०२० च्या निवडणुकीतही वंचित तिथे सर्वांत मोठा पक्ष होता. आमदारकी-खासदारकीत यश येवो न येवो, जिल्हा परिषद गट आणि पंचायत समिती गण पातळीवर छोट्या-छोट्या जातसमूहांना जागा देऊन बांधलेली ती मोट आहे. सरपंचाच्या वर जिल्हा परिषदेत आपला माणूस असेल तर सेस फंडातलं (जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातलं) एखादं काम, वैयक्तिक लाभाची एखादी योजना गावापर्यंत येते आणि सरपंचाला दुसऱ्याच्या दारात जावं लागत नाही. याउलट, १९८९ मध्ये शेतकरी संघटनेच्या पाठबळावर यवतमाळ जिल्ह्यातल्या मेटीखेड्यात पूर्ण महिलांची ग्रामपंचायत निवडून आली, तीही महिलांना आरक्षण देणाऱ्या घटनादुरुस्तीच्या आधी. इतक्या धाडसी प्रयोगांनाही आंदोलनाने निवडणुकीपुरती ताकद दिली, पण कारभाराची रोजची यंत्रणा गावोगाव उभी केली नाही, ही खंत मला वाटते.

२०२२ पासून अनेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या प्रशासकाच्या हाती गेल्या. १५व्या वित्त आयोगाच्या वाटणीत ग्रामपंचायतीला ८० टक्के आणि वरच्या दोघांना १०-१० टक्के असा हिस्सा होता, पण निवडून आलेलं सभागृह नसल्याने वरचा हिस्सा अडला. याचा सगळ्यात जास्त त्रास नव्या पक्षांच्या सरपंचांना झाला. त्यांना मधला मजलाच उरला नाही. खाली ग्रामपंचायत, वर थेट आमदार.

आता कामाच्या कागदाबद्दल, कारण उत्साही सरपंच सगळ्यात जास्त इथे फसतो. पावसाळा तोंडावर आहे, पांदण रस्त्यात बंडी फसते, म्हणून तो ओळखीच्या माणसाला सांगून मुरूम टाकून घेतो. काम चांगलं होतं, गाव खूश होतं, बिल मात्र निघत नाही. कारण क्रम ठरलेला आहे: काम आराखड्यात हवं, मग अंदाजपत्रक, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, ठरलेल्या मर्यादेवर ई-निविदा, कार्यारंभ आदेश, मग प्रत्यक्ष काम, अभियंत्याने मापन पुस्तिकेत नोंदवलेलं माप, आणि शेवटी देयक. आधी काम आणि मग कागद असं झालं की अभियंत्याला मागची तारीख टाकायला सांगावं लागतं. ज्या क्षणी तुम्ही ते सांगता, त्या क्षणी तुम्ही त्याचे आणि जुन्या ठेकेदाराचे मिंधे होता. भ्रष्टाचाराविरुद्ध निवडून आलेला माणूस पहिल्याच पावसाळ्यात असा अडकतो.

दुसरी चूक डोंगलची, म्हणजे डिजिटल सही साठवलेल्या पेनड्राइव्हसारख्या उपकरणाची. ऑनलाइन देयकाला ग्रामसेवकाची (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) आणि सरपंचाची डिजिटल सही लागते. पुष्कळ सरपंच आपलं डोंगल आणि पासवर्ड संगणक परिचालकाकडे ठेवून देतात, कारण रोज तालुक्याला कोण जाणार. महिला सरपंचांचं डोंगल तर घरातल्या पुरुषाच्या खिशात असतं. डोंगल म्हणजे सही आहे. ज्याच्याकडे ते आहे तोच गावाचा सरपंच.

पाण्याच्या शुद्धीकरणाचं एक उदाहरण देतो, कारण यात पैसा फार लागत नाही आणि लोकांचा विश्वास सगळ्यात लवकर इथे मिळतो किंवा जातो. १,००० लिटर पाण्याला ५ ग्रॅम टीसीएल. ५०,००० लिटरच्या टाकीला रोज २५० ग्रॅम, म्हणजे महिन्याला साडेसात किलो. २५ किलोची बॅग तीन महिने पुरते, पण उघडी पडली किंवा ओल लागली की तिच्यातलं क्लोरीन उडून जातं आणि उरते ती पांढरी पूड. म्हणून पावडर बंद डब्यात ठेवा, बादलीत कालवून वरचं निवळ पाणीच टाकीत सोडा, अर्ध्या तासाने पाणी द्या आणि शेवटच्या नळाला ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का हे दाखवणारी चाचणी) घ्या. पिवळा रंग आला तर ठीक. टाकीजवळच्या नळाला घेतलेल्या टेस्टचा उपयोग नाही. गळतीतून घाण शिरते ती शेवटच्या टोकाला, आणि तिथे बहुतेक वेळा तांडा, पोड (कोलामांची वस्ती) किंवा बौद्धपुरा असतो. जलजीवन मिशनची नवी योजना ताब्यात घेतानाही हीच कसोटी लावा. शेवटच्या घरी पाणी पोचल्याचं पाहिल्याशिवाय हस्तांतरणावर सही करू नका, कारण सहीनंतरची प्रत्येक दुरुस्ती तुमच्या त्या २ लाख ९४ हजारांतून होणार आहे.

थेट सरपंच आपला आणि सदस्य मात्र नऊपैकी चारच आपले, अशी स्थिती अनेक ठिकाणी असते. मासिक सभेत प्रत्येक विषय अडतो. तिथे भांडत बसण्यापेक्षा ग्रामसभा वापरा. लाभार्थी निवडणं हा ग्रामसभेचाच अधिकार आहे. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. मोर्चाला ट्रॅक्टर भरून माणसं नेणाऱ्या पक्षाला शंभर माणसं शाळेच्या पटांगणात बसवणं जड जाऊ नये. तरीही बहुतेक ग्रामसभा तहकूब होऊन दुसऱ्यांदा बिनगणपूर्तीच्या होतात आणि वही घरोघर फिरवून सह्या घेतल्या जातात. हे जुन्या लोकांनी केलं तेव्हा आपण बोंब मारली होती.

ग्रामसेवकाशी पहिल्या दिवसापासून दुश्मनी घेणं हीसुद्धा आंदोलनाची सवय आहे. त्याच्याकडे ३३ नमुन्यांचं दप्तर असतं, बहुधा एकापेक्षा जास्त गावांचा कारभार असतो, आणि तुमच्या आधीच्या तिघा सरपंचांच्या चुका त्याच्या अंगावर आलेल्या असतात. त्याला धाकात ठेवू नका, त्याच्याकडून लेखी घ्या. तो "होत नाही" म्हणाला तर कोणत्या नियमाने होत नाही ते टिपणीत मागा. निम्म्या अडचणी तिथेच सुटतात.

हे सगळं एकट्या सरपंचाने शिकावं अशी अपेक्षा चुकीची आहे. तालुक्याला तीन माणसं बसवणं पक्षाला परवडतं: लेखा कळणारा एक, निवृत्त शाखा अभियंता एक, आणि अपात्रतेची प्रकरणं लढणारा वकील एक. निवडणुकीतल्या बॅनरच्या खर्चात त्यांचं वर्षभराचं मानधन निघेल. निवडून आलेल्या सगळ्या गावांची वसुलीची टक्केवारी दर तिमाहीला पक्षाच्या बैठकीत फळ्यावर लिहा आणि जिथे ती घसरली तिथे नेत्याने सभेला जाण्याऐवजी वसुलीच्या शिबिराला जाऊन बसावं. ज्या नेत्याच्या शब्दावर लोकांनी बिलं थकवली, त्याच्याच शब्दावर ते पाणीपट्टी भरतील. सरपंचाच्या शब्दावर भरणार नाहीत.

ज्या गावांत नुकतीच सत्ता आली आहे तिथल्या ताई-दादांनो, या आठवड्यात तीन कागद मागून घ्या: ग्रामपंचायतीच्या सगळ्या बँक खात्यांची यादी शिलकीसह, नमुना ९ वरून (कर मागणीच्या नोंदवहीवरून) काढलेली थकबाकीदारांची यादी, आणि पाणीपुरवठ्याचं व पथदिव्यांचं ताजं वीजबिल मागच्या बाकीसकट. तिन्ही ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. थकबाकीच्या यादीत आपल्या पॅनेलचं नाव असेल तर ती लावण्याआधी भरून घ्या.