विल्यम मॉरिस आणि यंत्रे : एक खुलासा
एकोणिसाव्या शतकातले इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिस यांच्याविषयी ‘त्यांच्या कारखान्यात यंत्राला मज्जाव होता, सारे हातानेच होई’ असा मजकूर त्यांच्या ‘स्ट्रॉबेरी थीफ’ (स्ट्रॉबेरी चोरणारे पक्षी) या नक्षीच्या चित्रासह फिरत आहे. तो अर्धाच खरा आहे. १८८३ सालची ही नक्षी सुती कापडावर हातठशांनीच छापली जाई. आधी सगळे कापड निळीत गडद बुडवायचे, मग पक्षी आणि फळे जिथे हवीत तिथला रंग ठशाने लावलेल्या रसायनाने उडवायचा आणि त्या जागी लाल, पिवळा चढवायचा, असे ते किचकट, अर्थातच महागडे काम होते. मात्र मॉरिस यांच्या लंडनजवळच्या मर्टन अ‍ॅबी येथील त्याच कारखान्यात जकार्ड माग (छिद्रे पाडलेल्या पत्त्यांच्या साह्याने आपोआप नक्षी उमटवणारे माग) चालत, आणि मॉरिस यांच्या नक्षीचे काही गालिचे तर बाहेरच्या कारखान्यांतून यंत्रावर विणून घेतले जात. त्यांचा खरा रोख कारागिराला यंत्राच्या दावणीला बांधणाऱ्या व्यापारी व्यवस्थेवर होता.