खुलासा : पीयूसी म्हणजे सायलेन्सर बदलायची परवानगी नव्हे

'पीयूसी वैध असेल तर कारला कस्टम एक्झॉस्ट लावा, ईसीयू रिमॅप करा, पोलीस दंड करू शकत नाहीत' असा मेसेज फिरतोय. (पीयूसी म्हणजे गाडीच्या धुराच्या तपासणीचं प्रमाणपत्र, कस्टम एक्झॉस्ट म्हणजे मूळ सायलेन्सर बदलून लावलेला वेगळा, आणि ईसीयू रिमॅप म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाची सेटिंग बदलणं.) परवा मीही तो पुढे पाठवला. तो चुकीचा आहे. कायद्यातली कलमं वाचल्यावर हे लिहितोय.

पीयूसीत नळी सायलेन्सरमध्ये घालून धूर तपासतात. पेट्रोल गाडीत मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन. आवाज मोजतच नाहीत. नायट्रोजन ऑक्साइडही नाहीत, आणि एक्झॉस्ट बदलताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढला की तेही मोकळे सुटतात. हे विष आपल्याच गल्लीतली पोरं श्वासात घेतात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. कलम १८२अ (४) खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मान्यताप्राप्त सीएनजी किटची गोष्ट वेगळी, त्याला कायद्यात वाट आहे.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.