मांडवातला शुक्रतारा

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या वाडीत हळद कोणाचीही असो, रात्री शेवटची पंगत उठली आणि भाड्याच्या कराओकेचा माइक खरखरला, की माझ्या पोटात गोळा येतो. कारण आता कोणीतरी ‘मास्तर, शुक्रतारा!’ असे ओरडणार आणि पत्नीसह मला उभे केले जाणार, हे गेली बावीस वर्षे ठरलेले आहे. दोष माझाच आहे. स्वतःच्या लग्नात ‘शुक्रतारा मंद वारा’ मी हौसेने गायलो होतो.

नकार देण्याची सोय नाही. हे गाणे लिहिणाऱ्या मंगेश पाडगावकरांचा जन्म 1929 सालचा, तोही वेंगुर्ल्याचा. त्यामुळे हे गाणे टाळणे हा गावाचा अपमान ठरतो. श्रीनिवास खळ्यांची चाल इतकी सोपी वाटते की न्हाणीघरात ती प्रत्येकाला येते. अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांनी ती ज्या निवांतपणे गायली, तो निवांतपणाच घात करतो. जलद गाण्यातली चूक ढोलकीखाली दडपता येते; येथे घसरलेला स्वर सगळ्या मांडवाला सावकाश न्याहाळता येतो. अंतऱ्यातल्या एका जागी माझा श्वास संपतो, म्हणून मी हळूच खाली उतरतो आणि पत्नी, संसाराच्या सवयीने, माझ्या मागोमाग उतरते.

मी शाळेत भूगोल शिकवतो. शुक्र सूर्यापासून 47 अंशांपलीकडे फारसा जात नाही, तेव्हा संध्याकाळी दिसला तरी सूर्यास्तानंतर साधारण तीन तासांत तो समुद्रात बुडतो, सबब मध्यरात्री त्याला आळवणे अशास्त्रीय आहे, असे मी एकदा सांगून पाहिले. आचारी म्हणाला, “कधी कधी तो पाटेक पण दिसता मा? मगे पाटेक म्हणा, आमी थांबतो.”

आणि ते खरोखरच थांबतात. एरवी बायकोला ‘आयकलंस?’ यापलीकडे हाक न मारणारे तात्या पहिल्या ओळीलाच खुर्ची सरकवून काकींजवळ येतात, आणि कलमांच्या बांधावरून बोलणे बंद असलेले दोन भाऊ एकाच लयीत माना डोलावतात. माझ्या गळ्याकडे कोणाचेच लक्ष नसते, असा माझा समज होता.

गेल्या मे महिन्यात मात्र पुण्याच्या एका पाहुण्याने माइक घेतला आणि तेच गाणे, मूळ चालीबरहुकूम, एकही स्वर न घसरता म्हटले. सुटलो, असे वाटून मी टाळ्या वाजवत होतो, तेवढ्यात शेजारी सुपारी कातरत बसलेल्या काकी हळहळल्या, “आवाज बरो आसा झिलाचो, पण मधी चुकलो.”